मागाच्या खड्ड्यातला उंदीर

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आईपुढे नाही, आप्पांपुढे नाही. देवापुढे डोळे मिटून बसले असतानाही मी ती मनातल्या मनात पूर्ण वाक्यात उच्चारली नाही. तिच्या जवळ पोचले की मला भलतेच काही आठवू लागते — सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास, माघातले पातळ ऊन, पुण्याच्या गाडीतले गार लाकडी बाक. आजही तसेच होईल. तुम्ही कंटाळू नका. मी वळसे घेत येईन, पण येईन.

मी सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवते. घर कसे असावे, हे शिकवते. वारा कोणत्या बाजूने आत घ्यावा, सांडपाणी कोठे न्यावे, निजायच्या खोलीत उजेड किती हात आत यावा. मुली माझे ऐकतात. त्यांच्या आया वाटेत भेटल्या तर पदर सावरून बाजूला होतात. हा सारा मान एका पदवीचा आहे — आणि ती पदवी कशावर उभी आहे, हे फक्त मला ठाऊक आहे. आता तुम्हांला ठाऊक होईल.

तेव्हा आम्ही शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत राहत होतो. आप्पा कचेरीत कारकून. तिथले भाडे त्यांना झेपत असे. एकाच आढ्याखाली दोन बिऱ्हाडे होती. अलीकडे आम्ही, पलीकडे मल्लय्या, त्याची बायको नरसम्मा आणि त्यांचा लहान मुलगा. त्यांची घरातली बोली तेलुगू, आमच्याशी मराठी. मध्ये मातीची एकच भिंत. तिकडे हातमागाचा ठोका पडला की इकडे आमच्या फडताळातल्या कपबशा किणकिणत. मल्लय्याचा माग जमिनीत खड्डा खणून बसवलेला होता. विणकर काठावर बसतो, अनवाणी पाय खड्ड्यात सोडतो आणि तळाच्या फळ्या आळीपाळीने दाबत राहतो. त्या खड्ड्यात उन्हाळ्यातही ओल असे, अंधार असे. मल्लय्याचे पाय सकाळी त्या अंधारात उतरत ते दिवेलागणीला वर येत.

हे मी इतके बारकाईने का सांगते? कारण मी ते मोजले होते. माझ्या अभ्यासाचाच तो भाग होता.

मुलींना मराठीतून पदवीपर्यंत जाता यावे अशी सोय तेव्हा नुकती झाली होती. घरी अभ्यास करून परीक्षेपुरते पुण्याला गेले तरी चालत असे. शेवटच्या वर्षाला एक विषय होता — घर आणि परिसर. नाव रुक्ष खरे. पण मी कवितेवर वाढलेली मुलगी, मला त्या विषयातही यमक दिसे. माणूस ज्या चार भिंतींत श्वास घेतो त्या भिंती त्याच्या श्वासात किती उतरतात, हे मोजण्याचे ते शास्त्र! मी फीत घेऊन घराघरांतून हिंडत असे. नरसम्मा फितीचे दुसरे टोक धरी आणि मला छळून काढी. "घर बघायलाबी शिकावं लागतंय व्हय ओ, ताई? आमी तर जन्मल्यापासनं बघतोय की! मापा, मापा. वाढलं असलं तर सांगा." तिच्या बोटांना नेहमी सुताचा रंग लागलेला असे, कधी हिरवा, कधी डाळिंबी. त्या बोटांनी ती टोक घट्ट धरी.

आता माझ्या कोंडीविषयी सांगते. ती सांगितल्यावर तुम्ही माझ्या बाजूने झुकाल, अशी भीती वाटते. झुकू नका.

टेंभुर्णीचे एक स्थळ माझ्यासाठी येऊन थांबले होते. लांबच्या नात्यातले, आडतीचा धंदा असलेले घर. एका मुंजीच्या निमित्ताने मी त्या घरी राहून आले होते. माजघरात शेंगांच्या पोत्यांचा उग्र, तेलकट वास कोंडलेला होता. मी सवयीने खिडकी शोधू लागले. घरातल्या थोरल्या बाई हसून म्हणाल्या, "खिडकी कशाला? बायकांना बाहेर काय बघायचंय?" त्यांनी ते प्रेमानेच म्हटले. मला मात्र त्या रात्री धड श्वास घेता आला नाही. चूल, माजघर, न्हाणीघर. न्हाणीघर, माजघर, चूल — त्या तीन जागांत एक पूर्ण आयुष्य कसे मावते, हे मी अंथरुणावर पडून मोजत राहिले.

आप्पांनी मला एकच दार उघडे ठेवले होते, आणि तेही किलकिले. "परीक्षा दिलीस, पास झालीस, तर शाळेतल्या जागेचं बघतो आणि टेंभुर्णीला नाही कळवतो. राहिलीस, तर वैशाखात बोहल्यावर उभं राहायचं. पुढल्या वर्षीचं बोलणं नाही." परीक्षा फाल्गुनात होती. शिवाय त्यांनी आणखी एक बजावून ठेवले होते — गावात साथीचे काही उपटले, तर पुणे रद्द. "साथीच्या गावातली पोर दुसऱ्याच्या घरी उतरवून मी तोंड काळं करून घेणार नाही." पुण्यात मी आत्याकडे उतरणार होते. आप्पांचे म्हणणे न्यायाचे होते. मी तेव्हाही ते ओळखत होते.

माघ सरत आला होता. एका दुपारी मी वाळलेले कपडे घेऊन आत आले, तर न्हाणीच्या उंबऱ्याशी उंदीर. मेलेला नव्हता — तेच भयंकर होते. भर उजेडात, माणसाची भीती नसल्यासारखा, तो झुलत झुलत स्वतःभोवती फिरत होता. मग कुशीवर पडला. त्याच्या मिशा थोडा वेळ हलल्या, आणि थांबल्या.

प्लेगच्या त्या काळी आमच्या गावात "उंदीर पडला" एवढे दोन शब्द पुरत. कोणी पुढे विचारीत नसे. आया मुले उचलीत, भांड्यांची गाठोडी बांधली जात, कौले उतरवून घरांना ऊन दाखवीत आणि आख्खी गल्ली गावाबाहेरच्या माळावर बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्यांत जाऊन राही. अडाणी म्हातारीलाही हे कळे. मला तर त्याच्या पलीकडचे कळत होते. उंदीर गार पडू लागला की त्याच्या अंगावरच्या पिसवा ऊब शोधत निघतात, जी पहिली ऊब सापडेल तिला चावतात, आणि मरण असे एका देहातून दुसऱ्यात चालत जाते — हे माझ्या पुस्तकात होते. मला ते पानासकट पाठ होते.

मी उंदीर चिमट्याने उचलला आणि पाणी तापवायच्या चुलीत टाकला. जळक्या केसांचा वास घरभर झाला. आईने आतून विचारले, कसला वास ग? मी म्हणाले, केसांचा गुंता टाकला चुलीत. "केस जाळू नयेत, अवदसा येते," म्हणून ती रागावली. मी ऐकून घेतले.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, मुलगी घाबरली. कोण घाबरणार नाही? मीही कित्येक वर्षे स्वतःला हेच सांगितले. पण त्याच संध्याकाळी मी काय केले, ते ऐका. खाली डास फार झालेत, असे सांगून मी आईचे आणि आप्पांचे अंथरूण माडीवर नेले. माझेही नेले. पिसवांची उडी उंच जात नाही, हेही पुस्तकात होते. दोघांना पायांना कडुलिंबाचे तेल चोळायला लावले — थंडीने तळवे फुटलेत म्हणून. घाबरलेले माणूस इतके नेटके वागते का? मला सारे समजत होते. माझे ज्ञान भिंतीच्या या बाजूला चोख काम करीत होते. फक्त भिंतीच्या त्या बाजूला मी ते जाऊ दिले नाही.

कारण तिकडे एक शब्द बोलले असते तर गल्ली हलली असती. गल्ली हलली असती तर पुणे गेले असते. आणि पुणे गेले असते, तर ते माजघर.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी, नरसम्मा आमच्या मागच्या दाराशी आली. एरवी ती मोठ्याने हाक मारी. त्या दिवशी कडी हळूच वाजवली.

"ताई, उंदीर पडलाय ओ. मागाच्या खड्ड्यात. मालक म्हणतेत, मांजरानं मारलाय. पर दात लागलेला दिसंना. तुमी हे सगळं शिकताय की — तुमी सांगा. तुमी म्हणला तर आत्ता भांडी बांधते."

तिच्या मागावर तेव्हा कोणा मोठ्या घरच्या लग्नाचे लुगडे अर्धे उतरले होते. खड्ड्याचा माग उचलून माळावर नेता येत नाही. माग थांबला की चूल थांबते. म्हणजे तिलाही "काही नाही" हेच ऐकायचे होते. त्या आशेने तिचा चेहरा थोडा पुढे झुकला होता, हे मी पाहिले. पण तिने आशेवर निर्णय सोपवला नव्हता; माझ्यावर सोपवला होता. आत्ता भांडी बांधते — हे ती खरेच म्हणत होती. एक शब्द, आणि ती मुलाला काखोटीला मारून, नवऱ्याला खड्ड्यातून ओढून काढून, घटकेत माळावर पोचली असती.

"एकटाच ना?" मी म्हणाले. "एकट्या उंदरानं काही होत नसतं, नरसम्मा. मांजरानंच मारला असेल. चिमट्यानं उचल आणि रॉकेल घालून जाळ, म्हणजे झालं."

हे ते. हेच सांगायचे होते.

मी अडखळले नाही. माझा आवाज पुस्तकासारखा स्वच्छ आला. आणि त्यातला तो शेवटचा सल्ला — चिमट्याने उचल, जाळ — तो खरा होता, शास्त्राला धरून होता! खोट्याला मी खऱ्याची किनार लावली, म्हणजे ते अंगावर नीट बसेल. माझ्या चुलीत दुसरा उंदीर जळून गेला आहे, तुझा एकटा नाही, जोडीचा आहे — एवढे वाक्य माझ्या जिभेवर होते. मी ते गिळले. त्याची चव अजून आठवते, जळक्या केसांची.

नरसम्माचे खांदे खाली आले. ती हसली. "बघा, मी उगंच लई घाबरले. मालकांचंच खरं निघालं. आता आठवडाभर मला चिडवतेत बघा." जाता जाता वळून म्हणाली, "पास होऊन या, ताई. हितं पेढं मी वाटती." थोड्या वेळाने भिंतीतून मागाचा ठोका येऊ लागला, आणि मी माडीवर जाऊन पुस्तक उघडले.

पुण्याच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. केम स्टेशन मागे पडले, जेऊर मागे पडले, आणि मला सुटल्यासारखे वाटले. तसे वाटले, हे मी लपवणार नाही. माझ्याबरोबर काय जात आहे, आत्याच्या घरात मी काय घेऊन शिरणार आहे, याचा विचारसुद्धा मी केला नाही.

परीक्षेच्या दालनात चुन्याचा ताजा वास होता. प्रश्नपत्रिकेत तिसरा प्रश्न — घरात मेलेला उंदीर आढळल्यास गृहिणीची कर्तव्ये कोणती, ती क्रमाने लिहा. तुम्हांला वाटेल, माझा हात थांबला असेल. डोळ्यांपुढे अंधारी आली असेल. नाही. मी टाक शाईत बुडवला आणि लिहिले: पहिले कर्तव्य, शेजारच्या बिऱ्हाडांस तत्काळ सावध करणे. माझे अक्षर त्या दिवशी फार सुंदर आले होते. चांगले उत्तर लिहिताना जो एक आनंद होतो, तोही मला झाला.

परतले तेव्हा स्टेशनवर आप्पा उभे होते. दंडाला लस टोचल्याची पट्टी. ते घराच्या दिशेने वळलेच नाहीत. "आपण माळावर आहोत," ते म्हणाले. "गल्ली हलली. मल्लय्या गेला. जांघेत गाठ आली नि तिसऱ्या दिवशी आटोपला." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू नव्हतीस हे देवाचं देणं." माळावर सगळ्या बायका तेच म्हणाल्या. पोरीचं नशीब थोर. मी पाया पडले आणि आशीर्वाद घेतले.

नरसम्मा तिच्या झोपडीबाहेर बसली होती. माळावर वारा मोकळा होता, ऊन स्वच्छ होते. पुस्तकात सांगितलेली सारी हवा तिथे होती. तिच्या बोटांवरचा रंग निघून गेला होता. इतकी पांढरी बोटे मी तिची कधी पाहिली नव्हती. मी तिच्याजवळ बसले. ती रडली नाही. ती काहीतरी मनात जुळवीत होती, आणि मग तिने मला विचारले — पुन्हा मलाच विचारले, कारण मी शिकलेली होते.

"ताई, तुमी सांगितलं तवा एकटाच हुता. दुसरा मागनं पडला असंल. खड्ड्यात अंधार असतोय, मी वाकून बघितलंच न्हाय. रोज बघायला पायजे हुतं की ओ? माझंच चुकलं की?"

तिने माझ्यासाठी खोटे शोधून ठेवले होते. मला ते नुसते नाकारायचे होते. "नाही" — एक अक्षर जास्त नाही.

मी म्हणाले, "असं मनाला लावून घेऊ नये, नरसम्मा."

पाहिलेत? किती कोमल वाक्य. सांत्वनाचे. त्यात "नाही" कोठेच नाही. त्याचा अर्थ एकच होतो: चुकले तुझेच, पण आता सोडून दे. तिने तो अर्थ बरोबर घेतला. मान हलवली. आणि जे माझे होते, ते तिने त्या माळावर माझ्या हातून उचलून घेतले.

पहिला उंदीर मी भीतीने जाळला, असे म्हणता येईल. दाराशी बोललेले खोटे परीक्षेसाठी, असेही म्हणता येईल. पण माळावर? परीक्षा तर देऊन झाली होती. दार उघडले होते, मी त्यातून बाहेर पडले होते. त्या घटकेला माझ्यावर कोणाचाही धाक नव्हता. म्हणून सांगते — खरा अपराध कोणता, असे मी स्वतःला विचारते तेव्हा मला खड्डा आठवत नाही. तो माळ आठवतो.

मी पास झाले. टेंभुर्णीला नकार गेला. मला जागा मिळाली, माझ्या खोलीला दोन खिडक्या मिळाल्या. आणि एक गंमत तुम्हांला सांगू? त्या खिडक्या मी रात्री उघड्या ठेवू शकत नाही. वारा आला की झोप उडते. मी त्या लावून घेते, अंधारात बसते, आणि मग मला बरे वाटते.

नरसम्मा गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या कामाला लागली. मुलगा तिने वाढवला. तो जाणता झाला तसा बापाच्याच मागावर बसला. शेजारात कोणी नवे बिऱ्हाड आले, कोणाच्या घरी नवा माग बसला, की ती आपण होऊन तिथे जाई आणि सांगे — मी ते माझ्या कानांनी अनेकदा ऐकले — "बायांनो, खड्डा रोज वाकून बघत जा. म्या बघितला न्हाय, म्हणून आमचे मालक गेले." उघड्यावर, चारचौघींत, आवाज न चोरता. कोणी म्हणे, जाऊ द्या अक्का, दैवाची गोष्ट. ती म्हणे, "दैव कशाचं? माझं चुकलं." मी तिथे असले तर माझ्याकडे बोट करून म्हणे, "ताईंनी तर वेळेला नीट सांगितलं हुतं."

गेल्या पावसाळ्यात ती अंथरुणाला खिळली. मी रोज शाळा सुटल्यावर जात असे. त्या शेवटच्या संध्याकाळी मुलगा गिरणीच्या दवाखान्यातून औषध आणायला गेला होता; घरात ती आणि मी दोघीच होतो. ती शुद्धीवर होती. तिला ऐकू येत होते. तिने माझा हात धरून ठेवला होता आणि ती माझ्याकडे पाहत होती — काही विचारायला नाही, नुसतीच. कंदिलात तेल भरपूर होते. बाहेर रस्त्यावर कोणी नव्हते. बोलायला वेळ होता; पुष्कळ वेळ होता.

"मालकांना काय सांगू, ताई?" ती म्हणाली. "भेटल्यावर पयलं हेच इचारतील की — का गं, बघितलं न्हाईस?"

मी तिच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले. मुलगा औषध घेऊन आला, तेव्हा मी घरी जायला निघाले.